खोकी हॉलमध्येच राहू द्या

प्रश्न : आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मिशन कमिटीची मी चिटणीस आहे. तीन आठवड्यांपूर्वी परदेशात मोठा भूकंप झाला. त्या भागातल्या एका लहान मंडळीशी आमची आठ-नऊ वर्षांची ओळख आहे. त्यांचे पाळक एकदा आमच्याकडे येऊन उपदेशही करून गेले होते. भूकंपानंतरच्या रविवारी खास दानार्पण घेतलं, ते अपेक्षेपेक्षा बरंच जास्त जमलं. कपड्या-औषधांचं आवाहन कुणी केलं नव्हतं, तरी हॉलमध्ये साठ-सत्तर खोकी येऊन पडली आहेत. तरुण संघातले बारा जण ‘आम्ही जाऊन घरं बांधतो’ म्हणत विमानाची तिकिटं बघतायत. मंडळीचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक वडील म्हणतात, मदतीच्या प्रत्येक पाकिटाबरोबर शुभवर्तमानाची (बायबलमधल्या येशूचरित्राची) प्रत गेलीच पाहिजे. दुसरे म्हणतात, सगळे पैसे एखाद्या मोठ्या संस्थेला देऊन मोकळे व्हा, त्या पाळकांना हिशेब काय ठेवता येणार? एका जोडप्याला तिथलं अनाथ मूल दत्तक घ्यायचं आहे. येत्या रविवारी सभा आहे. मी तिथे काय सांगू?

ताई,

खोक्यांपासून सुरुवात करते, कारण ती डोळ्यांसमोर आहेत आणि सभेत सगळ्यांत जास्त वेळ तीच खाणार. ती पाठवू नका. एकही नको.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, पोळलेल्या तोंडाने सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या मंडळीने असाच एक कंटेनर भरला होता आणि बांधाबांध करणाऱ्यांत मी पुढे होते. एक खोकं तळाशी ओलं लागलं म्हणून उघडलं. आत उंच टाचेची एकच सँडल, पोहण्याचा पोशाख, आणि खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली सांडून चिकट झालेली बाळाची तीन झबली. झबली धुवून वाळवली, परत भरली आणि खोकं बंद केलं. इतकं बघूनही मला शंका आली नाही! कंटेनर तिकडच्या बंदरात अडीच महिने पडून राहिला. कस्टमला नगानिशी यादी हवी होती, आमच्या यादीत ‘कपडे, मिश्र’ एवढंच. बंदराचं भाडं रोज चढत होतं. माल ज्यांच्या नावावर, भाडं त्यांच्या डोक्यावर; म्हणजे ज्यांची घरं पडली होती त्याच मंडळीने ते भरलं. आम्हाला हे वर्षभराने कळलं, तेही तिसऱ्याच माणसाकडून. त्यांनी स्वतः आम्हाला आभाराचं पत्र पाठवलं होतं.

औषधांचं तर आणखी वाईट. डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा जगभरातून जवळपास ५,००० टन औषधं आणि वैद्यकीय सामान तिथे जाऊन पडलं. त्यात काय आहे हे लावून बघायला पन्नास माणसं सहा महिने खपत होती. बराच माल मुदत संपलेला, थंडीने बिघडलेला किंवा कुणालाच वाचता न येणाऱ्या भाषेतल्या चिठ्ठ्यांचा निघाला. अशाच अनुभवांतून जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये नियम घालून दिले: मागणी असेल तेच औषध पाठवायचं, पोचल्यावर निदान वर्षभराची मुदत शिल्लक हवी, आणि लोकांनी घरून परत केलेली औषधं तर नाहीच नाही. तुमच्या हॉलमधल्या गोळ्यांच्या अर्धवट पट्ट्या यातल्या कुठल्याच नियमात बसणार नाहीत. त्या औषधाच्या दुकानात विचारून नष्ट करा.

कपड्यांची एका शनिवारी विक्री लावा आणि जमेल ती रक्कम निधीत घाला. देणारे रुसतील ही भीती तुम्हाला असणार. म्हणून गुपचूप काही करू नका. वेदीवरून पाळकांना स्पष्ट सांगू द्या की हे खोकं पाठवायला जेवढा खर्च येतो तेवढ्यात तिथल्या बाजारात नवे कपडे मिळतात, आणि तिथला दुकानदारही उभा राहतो. भूकंपात तालुक्याचा बाजार पडला तरी दोन खोऱ्यांपलीकडचा चालू असतो. तिथे माल असतो. नसतो तो लोकांच्या हातात पैसा.

आता पैसा. तुमच्या दुसऱ्या वडिलांचा ‘मोकळे व्हा’ हा शब्द मला खटकला, पण त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. निम्मं का, ते सांगते.

बायबलमधला प्रेषितांच्या कृत्यांचा अकरावा अध्याय काढा. अगब नावाचा संदेष्टा दुष्काळ येणार म्हणून सांगतो, तो रोमन सम्राट क्लौद्याच्या कारकिर्दीत पडतो, आणि अंत्युखियाची मंडळी दूरच्या यहूदियासाठी वर्गणी काढते. दुसऱ्या मुलखातल्या आपत्तीसाठी एका मंडळीने केलेल्या मदतीची ही बहुधा सर्वांत जुनी नोंद. तिथे बारकावा असा की प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे दिलं आणि ते बर्णबा व शौल (म्हणजेच पौल) यांच्या हाती तिथल्या वडिलांकडे पाठवलं. अंत्युखियाचे लोक धान्याच्या गोण्या घेऊन स्वतः वाटायला निघाले नाहीत. कुणाच्या घरात काय संपलंय हे यरुशलेमच्या वडिलांना माहीत होतं, यांना नव्हतं.

या गोष्टीला अलीकडे एक शेपूट जोडलं गेलंय. ६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे तुर्कस्तान आणि सीरियाला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, त्यात सर्वांत जास्त उद्ध्वस्त झालेल्या शहरांत अंताक्या होतं. अंताक्या म्हणजे तेच अंत्युखिया. तिथलं जुनं ऑर्थोडॉक्स चर्चही कोसळलं. ज्या गावाने पहिली वर्गणी काढली त्याच गावासाठी जगाने वर्गणी काढली. सभेत ‘आपण देणारे, ते घेणारे’ असा सूर लागला तर हे सांगा.

माझा सल्ला असा की जमलेल्या रकमेचे तीन भाग करा. ते सारखेच असायला हवेत असं नाही.

एक भाग लगेच मोठ्या संस्थेला. अ‍ॅक्ट अलायन्स किंवा कॅरितास यांच्यासारखी चर्चप्रणीत जाळी बहुतेक देशांत आधीपासून रुजलेली आहेत. माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, २० जणांमागे एक संडास, डोक्यावर छप्पर देताना माणशी निदान साडेतीन चौरस मीटर जागा, असे मदतकार्याचे ठरलेले किमान निकष आहेत. ‘स्फिअर’ नावाने ते जगभर चालतात. तंबूंच्या वस्तीत हे जमवणं लहान मंडळीच्या आवाक्यातलं नाही. तिथे तुमच्या वडिलांचं बरोबर आहे.

दुसरा भाग तुमच्या ओळखीच्या मंडळीला. वरच्या आळीतली म्हातारी एकटी राहते, अमक्याचा नागरिकत्वाचा कागद ढिगाऱ्यात गेला म्हणून त्याचं नाव यादीत नाही, ही माहिती कुठल्याही मोठ्या संस्थेच्या गोदामात मिळत नाही. फक्त रक्कम किती पेलेल ते त्यांनाच विचारा. लहान मंडळीवर एकदम मोठी रक्कम ओतली की नातेवाईक दारात उभे राहतात, शेजारी संशयाने बघतात, आणि ज्या पाळकांनी कधी महिन्याच्या दानार्पणापलीकडे पैसा हाताळला नाही त्यांची झोप उडते. टप्प्याटप्प्याने पाठवा.

आणि एक लक्षात घ्या, ते पाळक आपद्ग्रस्त आहेत. नेपाळचं उदाहरण घ्या. तिथे शनिवार सुट्टीचा, म्हणून तिथल्या मंडळ्यांची उपासना शनिवारी असते. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप शनिवारीच, दुपारच्या सुमारास झाला. काही चर्च उपासनेला जमलेल्या माणसांसकट कोसळली. नंतर आलेल्या परदेशी पाहुण्यांना गाडीतून फिरवणारे, भाषांतर करणारे, याद्या करणारे पाळक त्याच मंडळ्यांचे. दिवसा पाहुणे आणि रात्री दफनं. म्हणून पैसे पाठवताना वेगळं लिहा: यातली इतकी रक्कम तुमच्या स्वतःच्या घरासाठी, तिचा हिशेब नको. हे आपण लिहिलं नाही तर ते कधीच मागणार नाहीत.

बाकी रकमेचा हिशेब मात्र हवा, आणि तो मागण्यात अविश्वास नाही. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेला पैसा नेताना पौलाने तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू दिला, या मोठ्या रकमेवरून कुणी आपल्याला दोष देऊ नये म्हणून. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो ते उघड सांगतो. पौलाला साक्षीदार लागतो तर तुमच्या कमिटीलाही चालेल. पण हिशेब झेपेल असा मागा. पैसे मंडळीच्या किंवा तिच्या वरिष्ठ संस्थेच्या खात्यावर जाऊ देत, कुणाच्या खासगी खात्यावर नको. दोन सह्या, पावत्यांचे मोबाइलवर काढलेले फोटो, आणि कुठल्या घराला काय दिलं याची वहीतली यादी. एवढं पुरे. वीस पानी फॉर्म पाठवाल तर तो भरायला तिथे एक माणूस लागेल, आणि तेवढा वेळ तो माणूस ढिगारा उपसणार नाही.

पाठवण्याआधी तुमच्या बँकेत जाऊन या. देशाबाहेर पैसा पाठवण्याचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे असतात, आणि ज्या देशावर आर्थिक निर्बंध आहेत तिथे तर मदतीचा पैसाही अडकतो. २०२३ मध्ये सीरियाच्या बाबतीत तेच होत होतं, म्हणून अमेरिकेला भूकंपानंतर तीन दिवसांनी १८० दिवसांची खास सवलत काढावी लागली. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या बॅगेतून रोख पाठवण्याची कल्पना कुणी मांडलीच तर तिथल्या तिथे नाही म्हणा.

तिसरा भाग बँकेत ठेवा आणि निदान सहा महिने त्याला हात लावू नका. याला सभेत विरोध होईल. लोकांनी आत्ता दिलं, आत्ताच गेलं पाहिजे, असं म्हणतील. त्यांना नेपाळचंच पुढचं सांगा. पुनर्बांधणीचं प्राधिकरण कामाला लागायला डिसेंबर उजाडला, म्हणजे आठ महिने गेले. सरकारने घरामागे ३ लाख नेपाळी रुपयांचं अनुदान ठरवलं, पण तीन हप्त्यांत. आधीचं काम भूकंपरोधक नियमांप्रमाणे झालंय हे तपासल्यावरच पुढचा हप्ता. हिशेबाला हे योग्यच. पण पदरची पुंजी नसलेलं घर अशा वेळी पायावरच अडकतं. गवंड्याची मजुरी वाढलेली, सिमेंट वरपर्यंत न्यायला वेगळा खर्च, आणि तपासणीचा माणूस येईपर्यंत पावसाळा तोंडावर. तोवर टीव्हीवरून ती बातमी कधीच गेलेली असते. अशा वेळी लहानशी रक्कम घेऊन कोण उभं असतं? जुनी ओळख असलेली मंडळी. आठ-नऊ वर्षं टिकलेली ओळख ही तुमच्याकडची खरी शिल्लक आहे. ती पहिल्याच महिन्यात उधळून टाकू नका.

तरुण संघाबद्दल माझं मन थोडं मऊ आहे. त्या वयात मीही बॅग भरली असती. पण घरं बांधायला माणसं कमी पडत नाहीत. भूकंपानंतर त्या भागात हात रिकामे असलेले सुतार-गवंडी आणि शेतमजूर ढिगाने असतात. बारा अनोळखी तरुण म्हणजे बारा जणांचं पाणी, झोपायची जागा, संडास, भाषांतर, आणि एक तरी आजारी पडणार. २०१५ मध्ये काठमांडूच्या विमानतळाला एकच धावपट्टी होती. मदतीची विमानं वर घिरट्या घालत थांबायची, काही परत जायची. त्या गर्दीत आपली भर कशाला? त्यांच्यात कुणी डॉक्टर किंवा बांधकाम अभियंता असेल तर त्याने नोंदणीकृत पथकात नाव घालावं आणि बोलावणं आलं तर जावं. बाकीच्यांना एक साधा प्रस्ताव द्या: तिकिटाला जेवढे लागणार होते तेवढे प्रत्येकाने निधीत घालावेत. बारापैकी किती उरतात ते बघा (वाईट वाटून घेऊ नका, आमच्याकडे चार उरले होते, आणि ते चौघे अजून कमिटीत आहेत). जे उरतील त्यांच्याकडे कपड्यांची विक्री आणि निधीची हिशेबवही सोपवा. वर्ष-दीड वर्षाने तिकडून बोलावणं आलं तर दोघांनी जावं, रिकाम्या हाताने, नुसतं बसून ऐकायला. तेव्हा पाहुणा ओझं नसतो.

शुभवर्तमानाच्या प्रतीचा मुद्दा नाजूक आहे, कारण तो मांडणाऱ्या वडिलांची श्रद्धा खरी आहे. तरीही पाकिटात प्रत नको. रेडक्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांनी १९९४ मध्ये मदतकार्याची आचारसंहिता ठरवली. मदत गरजेप्रमाणे द्यायची, वंश-धर्म बघून नाही, आणि तिचा वापर कुठलीही राजकीय किंवा धार्मिक भूमिका पुढे नेण्यासाठी करायचा नाही, हे त्यात स्पष्ट आहे. ती संहिता ठरवणाऱ्यांत कॅरितास होती, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस हेही होते. म्हणजे ही बाहेरच्यांनी चर्चवर लादलेली अट नव्हे. भुकेला माणूस पाकीट नाकारू शकत नाही, मग त्याने घेतलेल्या पुस्तकाला अर्थ काय राहिला? शिवाय निस्तरावं कुणाला लागतं बघा. तुम्ही इथे सुरक्षित आहात. तिथली मंडळी अल्पसंख्य असेल तर ‘तांदळाने माणसं विकत घेतात’ हा ठपका पुढची वीस वर्षं तिच्यावर राहील. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेत तर दुसऱ्याचं धर्मांतर करायला थेट मनाई आहे; तिथे एक पाकीट एखाद्या पाळकाला चौकीत नेऊन बसवू शकतं. वाटपाच्या यादीत मंडळीबाहेरची घरं असली पाहिजेत, असं मात्र आवर्जून कळवा. ती असतील तर साक्ष देण्यासाठी वेगळा कागद लागत नाही, असं त्या वडिलांना माझ्या वतीने सांगा. ते ऐकतील असं वाटतं.

दत्तकाचं थोडक्यात सांगते, कारण तिथे दुसरी बाजूच नाही. जानेवारी २०१० मध्ये हैतीतल्या भूकंपानंतर दोन-अडीच आठवड्यांत एका अमेरिकी ख्रिस्ती गटातले दहा जण ३३ मुलांना कागदपत्रांशिवाय सीमेपलीकडे नेताना पकडले गेले. ‘अनाथ’ म्हणून नेलेल्या त्या मुलांपैकी बहुतेकांचे आईवडील, निदान दोघांपैकी एक, जिवंत होते. आपत्तीनंतर मूल एकटं दिसलं तरी आधी त्याचे नातलग शोधायचे असतात, आणि त्याला महिने लागतात. त्या जोडप्याची माया खरी असेल तर एखाद्या मावशीला किंवा आजोबांना पोरकी मुलं घरीच सांभाळता यावीत म्हणून दरमहा काही पाठवता येईल. ते पाळकांमार्फत, मुलाचा फोटो न मागता. फोटोंचं सगळ्यांनाच सांगा: ढिगाऱ्यापुढे उभ्या केलेल्या मुलांचे फोटो आपल्या फलकावर नकोत. तुमच्या मुलाचा असा फोटो तुम्ही लावू दिला असता का?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात खोकी आहेत, वडील आहेत, तरुण आहेत. पण या तीन आठवड्यांत त्या पाळकांशी कुणी बोललं का, याचा उल्लेख मला सापडला नाही. संकोच वाटला असेल, समजू शकते. दुःखातल्या माणसाला फोन करून काय विचारायचं? तर फोन करू नका; तिथे चार्जिंग हा मोठा प्रश्न असतो आणि रात्री-अपरात्री वाजणाऱ्या फोनने माणूस दचकतो. आज संध्याकाळीच मेसेज पाठवा. साधारण असा:

‘पाळकसाहेब, आम्हाला तुमची आठवण रोज होते. तुमच्या घरचे कसे आहेत? आमच्याकडे थोडे पैसे जमले आहेत. कपडे किंवा माणसं पाठवणार नाही. तुम्हाला आत्ता काय लागतं आणि सहा महिन्यांनी काय लागेल, ते सुचेल तसं कळवा. आम्ही रविवारी कुणाची नावं घेऊन प्रार्थना करू? उत्तराची घाई नाही.’

उत्तर आलं तर सभेची सुरुवात ते वाचून करा, बाकीचे निम्मे वाद तिथेच मिटतील. रविवारपर्यंत नाही आलं तर सभा आठवडाभर पुढे ढकला. खोकी काही पळून जात नाहीत.